एक्सलेटरची वायर आणि मराठीचा तास

मराठीच्या अध्यापकांनी मोटारसायकलीच्या एक्सलेटर वायरीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. साहित्याच्या चर्चेत वायरीचे काय काम, असा प्रश्नही येईल. आमचे म्हणणे असे की, घरच्या अंगणात झिजलेली वायर बदलण्याचे साधे काम ज्या भाषेत नीट सांगता येत नाही, त्या भाषेच्या अध्यापनात काहीतरी मूलभूत बिघडलेले आहे. बिघाड भाषेत नाही. भाषा ते काम रोज उत्तम रीतीने सांगते. बिघाड आमच्या वर्गात आहे, आणि म्हणून हा विषय आमच्या अखत्यारीतला आहे.

आम्ही बीड जिल्ह्यात शिकवतो. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा. परळीला रेल्वे जुनी असली, तरी जिल्ह्याच्या ठिकाणाहून अहिल्यानगरकडे गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर बीड शहराला रेल्वे ही ऐकण्याची गोष्ट होती. बालाघाटाच्या रांगांतून वळणे घेत जाणारे रस्ते, वाडीवस्तीपर्यंत न पोचणारी एसटी आणि उन्हाळ्यातला फुफाटा, अशा मुलखात मोटारसायकल ही चैन नसते. तिच्यावर दुधाचे कॅन जातात, खताचे पोते जाते, दवाखान्यात बाळंतीण जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेल्या ट्रकात, संसाराच्या बोचक्यांबरोबर, दोरीने बांधलेली मोटारसायकलही दिसते. आमचे कितीतरी विद्यार्थी वीस-पंचवीस किलोमीटरवरून तिच्यावरच महाविद्यालयात येतात. अशा गाडीची वायर तुटली, तर त्या दिवशीचा मराठीचा तासही तुटतो.

आता वायरीविषयी. मुठीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी ही वायर दिसायला एक, प्रत्यक्षात दोन वस्तूंची असते. बाहेर पोलादी तारेच्या वेटोळ्यांची, वरून प्लास्टिक चढवलेली नळी. आत अनेक बारीक तारा पिळून केलेली दोरी. बाहेरची नळी दोन्ही टोकांना टेकून स्थिर राहते, म्हणून आतली तार वळणावळणांतूनही ओढ पोचवू शकते. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली या युक्तीचे पेटंट घेतले. सायकलीच्या ब्रेकपासून मोटारसायकलीच्या क्लचपर्यंत तिचा संसार पसरला. मूठ पिळली की तार ओढली जाते, कार्ब्युरेटरातला स्लाइड वर उचलला जातो, त्याला लटकलेली सुई जेटमधून वर येते, हवा आणि पेट्रोल वाढते. मूठ सोडली की स्प्रिंग स्लाइडला खाली दाबते. म्हणजे वायर फक्त ओढते, ढकलत नाही. परतीचे सगळे काम स्प्रिंगचे. ही एक गोष्ट समजली, की वायरीचे दुखणे ओळखता येते.

दुखणे हळूहळू येते. धूळ आणि पाणी नळीत शिरते, गंज धरतो, मूठ जड होते. निपलजवळ, जिथे तार सारखी वाकते, तिथली एक बारीक तार तुटते, मग दुसरी. तार पूर्ण तुटली तर इंजीन आपसूक मंद होते आणि माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. गैरसोय होते, पण जीव वाचतो. खरा धोका अर्धवट तुटलेल्या तारेत असतो. सुटलेली टोके नळीच्या तोंडात अडकतात, स्प्रिंगला स्लाइड खाली ओढता येत नाही, आणि मूठ सोडली तरी रेस चढलेलीच राहते. घाटाच्या उतारावर हे घडले तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून सोडलेली मूठ टपकन जागेवर येत नसेल, तर तुटण्याची वाट न पाहता वायर बदलावी.

बदलण्याचे काम तासाभराचे आहे. त्याच मॉडेलची नवी वायर आणून जुनीशेजारी धरून लांबी पाहावी. इंजीन थंड असावे, पेट्रोलचा कॉक बंद असावा. कार्ब्युरेटरभोवतीची माती आधी पुसून घ्यावी, नाहीतर ती आत जाते. मग त्याची टोपी फिरवून स्लाइड स्प्रिंगसकट बाहेर काढावा, स्प्रिंग दाबून धरावी आणि तारेचे टोक खाचेतून सोडवावे. मुठीकडची घडण दोन स्क्रूंनी उघडते. तिथले टोकही तसेच निघते. जुनी वायर टाकीखालून, हँडलच्या मानेजवळून कोणत्या वाटेने गेली आहे हे पाहून ठेवावे, कारण नवी वायर चुकीच्या वाटेने गेली तर हँडल वळवताना ताणली जाते. स्लाइड परत बसवताना त्याची खाच आतल्या खुंटीवर यावी लागते. येत नसेल तर जोर करायचा नाही, हलके फिरवून पाहायचे. शेवटी ॲडजस्टरवर मुठीचा प्ले ठरवायचा. बहुतेक लहान गाड्यांत तो दोन ते सहा मिलिमीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. गाडी सुरू करून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवावे. रेस आपोआप वाढली, तर वायरीची वाट किंवा ताण चुकला आहे असे समजावे.

वरचा परिच्छेद लिहिताना आम्हांस किती शब्द मराठीत सापडले आणि किती नाही, याकडे वाचकांचे लक्ष गेले असेल. खाच, खुंटी, मूठ, सुई, वेटोळे हे आपले. निपल, जेट, ॲडजस्टर, प्ले हे इंग्रजीतून आलेले. गॅरेजात याखेरीज तिसरा थर असतो: पाना, पेचकस, पक्कड, आणि या सगळ्यांवर ‘उस्ताद’. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि इथल्या कारागिरीच्या बोलीत दखनीचा अंश आजही वाहतो. आमच्या भागातल्या गॅरेजात एकाच वाक्यात मराठी क्रियापद, इंग्रजी भाग आणि फारसी वळणाचे हत्यार गुण्यागोविंदाने नांदतात. ‘आटे गेले’ म्हटले की मळसूत्र झिजून नट पकडत नाही हे कळते. दोन शब्दांत निदान पुरे होते.

या बोलीशेजारी दोन सरकारी प्रयत्न ठेवून पाहावेत. उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून चालावे म्हणून हैदराबादेत १९१७ साली भाषांतराचे खाते स्थापन झाले आणि अरबी-फारसीच्या आधाराने शास्त्रीय परिभाषा घडवण्यात आली. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे मुख्यतः संस्कृतच्या आधाराने परिभाषा कोश सिद्ध झाले. दोन्ही कामांमागे विद्वत्ता होती, तळमळ होती. त्यांची टिंगल करणे आम्हांस मान्य नाही. परंतु दोन्ही परिभाषा वरून खाली आल्या. एका राजवटीने अरबीकडे पाहिले, दुसरीने संस्कृतकडे. पाना धरलेल्या हाताकडे दोघींनीही पुरेसे पाहिले नाही. परिणामी गॅरेजने दोघींनाही नम्रपणे वगळले आणि आपली परिभाषा आपण घडवली.

मराठीची जुनी परंपरा मात्र अशी नव्हती. गोरोबांची माती, सावतोबांचा मळा, नरहरींची सोनारकी, सेना महाराजांची हजामत हे संतकवितेत केवळ चरित्राचे तपशील म्हणून आलेले नाहीत. त्या त्या धंद्याचे शब्दच तिथे विचाराचे माध्यम झाले आहेत. आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पंचीकरणासारखा गहन विषय त्यांनी लांबलचक कापडावर लिहून काढला. ज्ञान हाताने करायच्या वस्तूवर उतरते, यात त्यांना काही उणे वाटले नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, त्यात बाजारातला आणि बलुतेदाराच्या घरातला शब्द सन्मानाने आला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ने १९१५ साली गावकारभाराबरोबर बलुत्यांची भाषाही नोंदवली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त धंद्यांचे शब्द जागोजाग भेटतात. आणि मराठवाड्यातच रा. रं. बोराडे यांनी १९७१च्या ‘पाचोळा’त एका शिंप्याच्या घराची पडझड सांगितली, ती शिंप्याच्या बायकोच्या बोलीत. कारागिराची भाषा कादंबरी पेलू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. मग गॅरेजची भाषा आमच्या वर्गाला का पेलू नये?

हा प्रश्न आम्ही पदवीच्या एका वर्गात प्रत्यक्ष विचारून पाहिला. मोटारसायकलची वायर कशी बदलतात, ते एका पानात लिहा, एवढेच काम दिले. वर्गातल्या अनेकांनी ते स्वतः केलेले होते. तरीही निबंध सुरू झाले ते आजच्या धकाधकीच्या विज्ञानयुगापासून, आणि मोटारसायकलीच्या अनन्यसाधारण महत्त्वापाशी पोचून थांबले. वायर कुठेच नव्हती. तास संपल्यावर त्यांतल्याच एकाला तोंडी विचारले. तो म्हणाला, “सर, आधी जुन्या वायरीच्या शेंड्याला सुतळी बांधायची, मग वायर वढायची. सुतळी तिच्या वाटंनं येती. मग नवी वायर सुतळीच्या वाटंनं जाती.” इतके नेमके, इतके क्रमवार आणि इतके डौलदार गद्य त्या दिवशी एकाही उत्तरपत्रिकेत नव्हते. ते त्याच मुलाच्या उत्तरपत्रिकेतही नव्हते. बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणाने त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती: जे तू जाणतोस ते लिहिण्यायोग्य नाही, आणि जे लिहिण्यायोग्य आहे ते तुझे नाही.

आमच्या मते हा भाषाशिक्षणाचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु भाषेचे वय सिद्ध झाल्याने तिचे आजचे बळ सिद्ध होत नाही. ते बळ, वर्गातला मुलगा आपल्या हातचे काम न लाजता लिहू शकतो की नाही, यावर ठरते.

येथे साहित्याच्या लोकांची आणखी एक सवय नोंदवली पाहिजे. वायर समोर आली की आम्हांस लगेच रूपक सुचते. बाहेरची नळी म्हणजे आकृती, आतली तार म्हणजे आशय, असे व्याख्यान तयार होते. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकाचे आपल्याकडेही असेच झाले. त्यातले ‘झेन’ चर्चेत राहिले, ‘मेंटेनन्स’ गळाले. वस्तुतः यंत्राकडे पाहण्याचा आळस हाच त्या पुस्तकाचा एक मुख्य विषय आहे. सैल झालेले हँडल साध्या पत्र्याच्या तुकड्याने नीट होईल, हे मित्राला रुचत नाही, यावर तिथे बराच विचार केलेला आहे. रूपकाआधी वर्णन यावे, एवढेच आमचे म्हणणे. ज्याला वायर वायर म्हणून सांगता येत नाही, त्याचे रूपकही पोकळ निघते.

या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पगारदार अध्यापकांनी हातकामाचे गोडवे गाणे हा एक प्रकारचा विलास आहे. हा आक्षेप रास्त आहे. आपल्या समाजात हातकाम जातीने वाटून दिले गेले, आणि ते करणाऱ्यांना त्याच कामावरून हिणवले गेले. अशा कामाचा गौरव करताना त्या इतिहासावर पांघरूण घालता येणार नाही. परंतु म्हणूनच त्या कामातले ज्ञान ‘ज्ञान’ म्हणून वर्गात आले पाहिजे. गॅरेज हे बलुत्याच्या बाहेर जन्मलेले ठिकाण आहे; तिथे उस्तादाकडे कोणत्याही घरचा पोरगा पाना धरायला शिकू शकतो. दुसरा आक्षेप असा की, सगळे घरी दुरुस्ती करू लागले तर मेकॅनिकने काय खावे? ज्याने स्वतः एकदा वायर घातली आहे, त्याला मेकॅनिकची किंमत अधिक कळते, असा आमचा अनुभव आहे. तो मजुरीवरून घासाघीस कमी करतो.

काळ बदलतो आहे, हेही खरे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. बऱ्याच गाड्यांत वायर अजून आहे, पण तिच्या पलीकडे सेन्सर आणि संगणक बसला आहे. काही महागड्या गाड्यांत मूठ आणि इंजीन यांत वायरच उरलेली नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली समिती नेमली, त्यात वाहनांचाही विचार झाला. हक्क मिळेल तेव्हा मिळो; पण दुरुस्तीची पुस्तिका ज्या भाषेत असेल, त्या भाषेच्या लोकांनाच तो हक्क बजावता येईल. ती मराठीत कोण लिहिणार? अभियंता एकटा लिहू शकणार नाही, भाषातज्ज्ञही एकटा लिहू शकणार नाही.

म्हणून मराठी विभागांपुढे एक साधी सूचना ठेवतो. दरवर्षी प्रकल्प म्हणून ठरावीक कवींच्या निसर्गप्रतिमांवर जी पाने भरली जातात, त्यांतली थोडी गॅरेजकडे वळवावीत. आपापल्या तालुक्यातल्या गॅरेजात विद्यार्थ्यांनी बसावे, प्रत्येक हत्याराचे, प्रत्येक बिघाडाचे आणि प्रत्येक क्रियेचे तिथे चालणारे नाव लिहून घ्यावे, आणि एक काम अथपासून इतिपर्यंत अशा गद्यात उतरवावे की ते वाचून दुसऱ्याला ते करता यावे. गुण देण्याची कसोटीही सोपी आहे: लेख वाचून वायर बसली पाहिजे, आणि सोडलेली मूठ टपकन जागेवर आली पाहिजे. समीक्षेच्या फार थोड्या कसोट्या इतक्या प्रामाणिक असतात.