अडलेली रवानगी
मलिक अंबराने 1610 मध्ये वसविलेल्या खडकीस, म्हणजे आजच्या आपल्या छत्रपती संभाजीनगरास, पाणी आणणाऱ्या भूमिगत नहरीवर ठिकठिकाणी तपासणीची मुखे ठेवलेली होती, आणि प्रवाह नेमका कोठे अडला याचा शोध एकेक मुख उघडून घेता येई. लिनक्सच्या दोन संगणकांमधील फाइलींची रवानगी मंदावली असता हीच तजवीज करावी, असे माझे ठाम मत आहे. प्रथम आयपर्फने केवळ नेटवर्कचा वेग मोजावा, कारण दोष पुष्कळदा जुन्या हार्ड डिस्कचाच असतो. मग जोडणी 1000 मेगाबिटवरून 100 वर तर उतरली नाही ना, हे ईथटूलने पाहावे. सर्वांत फसवा प्रकार मात्र निराळा: लॉगिन होते, लहान फाइल सुखरूप पोहोचते, आणि मोठी आरंभीच खिळून राहते. 1500 बाइटांचे पॅकेट वाटेतील अरुंद टप्प्यावर मावत नाही, आणि लहान पॅकेट पाठविण्याची तेथून परतणारी सूचना एखादी अतिदक्ष फायरवॉल अडवून ठेवते. पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करून 1472 बाइटांचा पिंग पाठवावा. तो परतला नाही आणि 1400 चा परतला, तर दोष सापडलाच. फायरवॉलच्या व्यवस्थापकांनी ती एक सूचना तरी जाऊ द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.