वाचली, पण जगायचं कसं?

माझी आई 'बरी' होऊन सहा वर्षं झाली. भिलाईच्या आमच्या वस्तीत तिला सगळे नशीबवान म्हणतात. स्तनाचा कर्करोग होऊनही ती वाचली. पण तिचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झालाय. संध्याकाळी तो ठणकतो. त्याच हाताने ती रोज चार घरची धुणी-भांडी करते.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या, की हातातला द्रव वाहून जायची वाट कमी होते. ही सूज ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही येऊ शकते आणि आली की बहुधा आयुष्यभर सांभाळावी लागते. साबणाच्या पाण्याने कातडीला भेगा पडल्या, की तिथून जंतू शिरतात, ताप येतो, सूज वाढते. डॉक्टर म्हणाले, "हाताला जपा, जड उचलू नका." आईने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मग काय पायानं घासू भांडे?"

मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. कर्करोगाच्या रुग्णांचं जीवनमान मोजायला जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, क्यूएलक्यू-सी३०. युरोपात तयार झालेली, १९९३ साली प्रसिद्ध झालेली, ३० प्रश्नांची. पहिलाच प्रश्न कष्टाच्या कामाचा, आणि उदाहरण काय, तर सामानाची जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्याचं. आईला विचारलं. ती म्हणाली, "सुटकेस कुठं आहे आपल्याकडे?" मग मी बादलीचं विचारलं. तिने नुसता हात पुढे केला. पैशाच्या अडचणीवर ३० पैकी एक प्रश्न आहे. पण 'हात दुखत असताना घरी बसलात तर काम टिकेल का?' हा प्रश्न त्यात नाही. आराम कोणाच्या वाट्याला येणार आणि उष्टी भांडी कोणाच्या, हे जिथे जन्माने ठरतं, तिथे जात वगळून जीवनमान मोजणं म्हणजे अर्धंच मोजणं.

भिलाईत हे उघड दिसतं. जोनाथन पॅरी यांनी या शहरावर लिहिलेल्या 'क्लासेस ऑफ लेबर' (२०२०) या ग्रंथात 'नोकरी' आणि 'काम' असा भेद मांडला आहे. कारखान्यात कायम असलेल्याची ती नोकरी. ठेकेदाराकडे जाणारे माझे वडील आणि सेक्टरमध्ये भांडी घासणारी माझी आई करतात ते काम. नोकरीवाल्याच्या कुटुंबाला कारखान्याचं रुग्णालय आहे. आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे. कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार होतो, पण भरती झाल्यावर. सुट्टी मिळाल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरता. हातावर घालायची दाबाची बाही साधारण सहा महिन्यांनी बदलावी लागते, तिचं काय?

ईएसआय लागू असलेल्या कामगाराला कर्करोगात, अटी पूर्ण केल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मजुरी मिळू शकते. चार घरी काम करणाऱ्या बाईला चार मालकिणी असतात आणि ईएसआय एकीकडूनही नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही सूज नाही. म्हणजे आई कागदावर आजारी नाही, दिव्यांगही नाही, कामगारही नाही. फक्त नशीबवान आहे.

"जीव वाचला हे काय कमी आहे?" असं आपलेच शिकलेले लोक विचारतात. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामगार बाईच्या विश्रांतीला उपकार मानलं नव्हतं. ती राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे आणि तिचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. जवळपास शंभर वर्षांनी आपण फक्त श्वासावर समाधान मानायचं का?

बाही आणि फिजिओथेरपी योजनेत आली पाहिजे. ही सूज दिव्यांगत्वाच्या यादीत आली पाहिजे. घरकामगार बाईला आजारपणाची भरपगारी रजा मिळाली पाहिजे. ऑक्टोबरमध्ये गुलाबी फिती वाटून यातलं काहीही होणार नाही.

आपण घरातले पहिले पदवीधर. आईची फाइल इंग्रजीत असते आणि ती वाचणारं घरात आपल्याशिवाय कोणी नसतं. ती वाचा. तिच्या हाताकडे बघा. आणि संशोधन करत असाल, तर प्रश्नावलीत पिशवीच्या जागी बादली लिहा.

जय भीम.