अंगठा उठवण्याआधी एकदा घरात जाऊन या

तिसगाव (ता. पाथर्डी) : घराचा व्यवहार ठरला की इसार दिला जातो, साठेखत होतं. पैशाची जुळवाजुळव करण्यात दोन-चार महिने निघून जातात. मग एक दिवस सगळी मंडळी थेट दुय्यम निबंधक कार्यालयात. मधल्या काळात त्या घराचं काय झालं, हे बघायला कुणी जात नाही. पुढची भांडणं बऱ्याचदा इथूनच सुरू होतात.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. घरातला लपलेला दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पण साधी काळजी घेतली असती तर दिसला असता, असा दोष न सांगितल्याची तक्रार घेणाऱ्याला करता येत नाही. भिंतीची भेग, स्लॅबची गळती 'नंतर कळली' म्हणून भागत नाही. याच कायद्याच्या कलम ३ प्रमाणे घरात दुसरं कुणी राहत असेल, तर त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला होती असंच धरलं जातं. मग तो भाडेकरू असो की विकणाऱ्याचा भाऊ.

शहरात नोंदणी झालेल्या प्रकल्पात फ्लॅट घेतला, तर रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरवर असते. गावठाणातल्या जुन्या घराला हे संरक्षण नाही. तिथं आपले डोळे हाच आधार.

म्हणून खरेदीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी घरी जावं. सोबत एखादा जाणता गवंडी न्यावा.

– घर रिकामं आहे का?
– टेप लावून लांबी-रुंदी मोजा. नमुना नंबर ८ चा उतारा आणि दस्तातली चतुःसीमा जुळते का? सामाईक भिंत, जायचा रस्ता शेजाऱ्यांसमोर विचारून घ्या.
– बोअरची मोटर चालू करून बघा. दारं, खिडक्या, पंखे ठरल्याप्रमाणे जागेवर आहेत का?
– घरपट्टी, पाणीपट्टी, लाईट बिल भरल्याच्या पावत्या हातात घ्या. वेगळं ठरलं नसेल, तर खरेदीपर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टी कायद्याने विकणाऱ्याकडेच असते.

काही खटकलं तर तारीख पुढे ढकला. नाहीतर दुरुस्तीची रक्कम मागे ठेवून तसं दस्तातच लिहून घ्या. तोंडी शब्द कोर्टात टिकवणं अवघड.

दस्तात बहुतेक वेळा एक ओळ असते : 'ताबा आज रोजी दिला व घेतला.' तिच्याखाली सही झाली, की ताबा मिळालाच नाही हे सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्याच्या डोक्यावर. किल्ली हातात नसेल, तर सही करू नका.