समारंभाचीं छायाचित्रें व फ्लॅशचा दिवा

स्नेहसंमेलन, पारितोषिक-वितरण, नाताळचा कार्यक्रम किंवा घरचें लग्न, असा कोणताही समारंभ घ्या; तो संपल्यावर मागें जें उरतें त्यांत छायाचित्रांचें स्थान मोठें आहे. भाषणें विसरलीं जातात, हारतुरे सुकतात. परंतु त्या दिवशीं तेथें कोण कोण होतें हें छायाचित्र वर्षानुवर्षें सांगत राहतें. म्हणूनच तें काढण्यासाठीं कोणता दिवा निवडावा, हा प्रश्न केवळ छायाचित्रकाराचा नसून ज्यांचीं मुलें त्या चित्रांत असतात त्या सर्वांचा आहे. आमचें मत असें कीं, ही निवड पेटीवर छापलेल्या आंकड्यावरून न करतां शेवटच्या रांगेंत उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरून करावी. ह्या कसोटीस आमच्या नवापुरासारख्या गांवीं एका मोठ्या दिव्यापेक्षां बॅटरीवर चालणारे दोन लहान दिवेच अधिक उतरतात.

ह्या साधनाचा इतिहास बोधप्रद आहे. १८८७ साली जर्मनींत मीथे व गेडिके ह्यांनीं मॅग्नेशियमची भुकटी इतर द्रव्यांत मिसळून क्षणांत भडकणारी फ्लॅशची भुकटी तयार केली. तिच्याच उजेडांत जेकब रीस ह्यांनीं न्यूयॉर्कमधील गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या जगापुढें आणल्या. मात्र तें करतांना एकदां खोलीलाच आग लागली. १९२९ च्या सुमारास कांचेचे बंद बल्ब आले. ते सुरक्षित, पण एक बल्ब एकदांच पेटावयाचा. शेजारच्या नवसारी येथें १९१३ साली जन्मलेल्या होमाय व्यारावाला, भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, ह्यांच्या उमेदीचा काळ ह्याच बल्बांचा होता. पुढें अमेरिकेंत हॅरोल्ड एजर्टन ह्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेनें लखलखणारी वायूची नळी उपयोगांत आणली. हजारों वेळां पेटणारा आजचा फ्लॅश तिचाच वंशज होय. बल्ब मोजके असत तेव्हां प्रत्येक झोताआधीं विचार करावा लागे. आज झोत जवळजवळ फुकट झाला, आणि त्याबरोबर विचारही सुटला.

विचार कोणता, तो आमच्या विद्यार्थिमित्रांनीं विज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेलाच आहे. अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चतुर्थांश होतो. दिव्यापासून पहिली रांग दोन मीटरांवर व शेवटची चार मीटरांवर असेल, तर मागच्या मुलांस पुढच्यांच्या चौथा हिस्साच प्रकाश मिळतो. पुढें बसलेले पाहुणे पांढरे फटक दिसतात आणि मागचीं मुलें काळोखांत बुडतात. आतां तोच दिवा चार मीटर मागें न्या. रांगा सहा व आठ मीटरांवर येतील आणि मागच्यांस पुढच्यांच्या निम्म्याहून थोडा अधिक प्रकाश मिळेल. अर्थात् मागें नेल्यानें एकंदर प्रकाश घटतो. ती उणीव दुसरा दिवा भरून काढतो. दोन दिवे दोन बाजूंस, डोक्यांहून उंच, कॅमेऱ्यापासून दूर ठेवून बिनतारी यंत्रानें पेटविले कीं शेवटची रांगही चित्रांत येते.

पेटीवरील आंकड्याविषयीं सावध असावें. ‘गाईड नंबर’ ६० असें ठळक छापलेलें असतें. परंतु तो पुष्कळदां झोत अगदीं अरुंद करून मोजलेला असतो. मोठ्या समूहासाठीं झोत रुंद करावा लागतो, आणि मग त्याच दिव्याचा नंबर ३६ च्या आसपास उतरतो. ह्या नंबरास भिंगाच्या छिद्राच्या आंकड्यानें भागलें म्हणजे दिवा किती मीटर पोंचेल तें कळतें. छिद्र ४ असल्यास ६० वरून पंधरा मीटर येतात, ३६ वरून नऊच. पालकांनीं दुकानांत हा भागाकार मुलांकडूनच करवून घ्यावा.

बॅटरीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. फ्लॅशच्या पोटांत वीज सांठविणारा कपॅसिटर असतो. प्रत्येक झोतानंतर तो पुन्हां भरावा लागतो. चार सुटे सेल घालावयाच्या दिव्यास पूर्ण शक्तीनें पेटल्यावर भरण्यास सुमारें अडीच सेकंद लागतात, तर लिथियम बॅटरीच्या तशाच दिव्यास सुमारें दीड. सेल जुने झाले कीं हा वेळ वाढतच जातो. एका सेकंदाचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु बक्षिसें घेणारीं मुलें मंचावर एकामागून एक येत असतात. दिवा भरत असतां जें मूल प्रमाणपत्र घेऊन गेलें, त्याचें चित्र काळेंच येणार. त्याच्या आईबापांनीं त्या एका क्षणासाठीं दिवसाची मजुरी बुडवून कार्यक्रमास यावें आणि तो क्षणच हुकावा, हें योग्य नव्हे. म्हणून लिथियमचा दिवा घ्यावा, आणि शेजारीं भरलेली दुसरी बॅटरी ठेवावी.

कोणी म्हणतील, विजेच्या जोडणीवर चालणारे स्टुडिओचे दिवे अधिक प्रखर असतात. स्टुडिओंत ते उत्तमच. पण मांडवांत त्यांच्या वायरी धांवणाऱ्या मुलांच्या पायांत येतात, आणि वीज गेली कीं तेही गेले. दुसरे म्हणतील, आतां प्रत्येकाच्या हातीं मोबाईल आहे. मोबाईलवरील इवलासा दिवा कांहीं पावलांपलीकडे पोंचत नाहीं. नवे कॅमेरे मंद उजेडांतही पाहूं शकतात हें मात्र खरें, आणि मंचावर पुरेसा उजेड असेल तेथें फ्लॅश न वापरणेंच बरें. तथापि डोक्यावरच्या एकाच दिव्याखालीं डोळ्यांच्या खोबणींत ज्या सावल्या पडतात, त्या कोणताही कॅमेरा पुसून टाकीत नाहीं.

आमच्याकडील आणखी एक अडचण पुस्तकांत सांपडत नाहीं. दिव्याचें तोंड छताकडे वळवून परतणारा मऊ प्रकाश घ्यावा, असें तेथें सांगितलेलें असतें. पण मांडवाचें कापड हिरवें असेल तर चेहरे हिरवट येतात, तांबडें असेल तर तांबूस. आणि पत्र्याच्या उंच छपरांत तो प्रकाश वरच हरवतो. अशा वेळीं पांढरी छत्री किंवा बाजूस ताणलेली स्वच्छ पांढरी चादर उपयोगी पडते.

दिवा केव्हां पेटवूं नये, हें समजणें हाही निवडीचाच भाग आहे. मार्गशीर्षांत आमच्या तालुक्यांत डोंगऱ्या देवाच्या उत्सवाच्या रात्रीं जागतात. अक्कलकुवा तालुक्यांत काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. तेथें अंधार आणि ज्वाळा हेंच खरें दृश्य असतें. फ्लॅशचा पांढरा झोत तें पुसतो, शिवाय भक्तांचा भंग करतो. प्रार्थनेच्या वेळींही हेंच समजावें. ज्याच्या दिव्याची शक्ति कमी करतां येते आणि ज्याचा हात कळीवरून मागें येऊं शकतो, तोच खरा छायाचित्रकार.

खरेदी करतांना दुरुस्तीचा विचार आधीं करावा. आमच्या स्थानकाचा फलाट महाराष्ट्र व गुजरात ह्या दोन्ही राज्यांत पसरलेला आहे. एकीकडे गाडी सुरतेस जाते, दुसरीकडे नंदुरबारास. ह्यांपैकीं ज्या गांवीं दिवा दुरुस्त होईल व बॅटरी मिळेल, तेथूनच तो घ्यावा. बॅटरी फुगलेली दिसल्यास तत्क्षणीं वापर थांबवावा. ती उन्हांत तापलेल्या मोटारींत कधीं ठेवूं नये.

पुढील संमेलनाचें छायाचित्र हातीं येईल तेव्हां पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं प्रथम मधल्या खुर्च्यांकडे न पाहतां सर्वांत मागच्या रांगेच्या दोन्ही टोकांकडे पाहावें. तेथील मुलांचे डोळे दिसत असतील, तर दिवा चांगला निवडला असें खुशाल समजावें.