एका पौंडाचा क्लब

शनिवारी रात्री आमच्या घरातील दिवे लवकर मालवत नाहीत, ह्याचे कारण आमचा धाकटा नातू. इंग्लंडातील फुटबॉलचे सामने आपल्याकडे रात्री दिसतात, आणि मँचेस्टर युनायटेडचा सामना असला म्हणजे ह्या गृहस्थास निद्रा वर्ज्य! क्लब मँचेस्टरचा आणि मुलगा सदाशिव पेठेतला, दोहोंचा संबंध काय, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्याने उलट मलाच विचारले, "आजोबा, तुमचा आणि कालिदासाचा संबंध काय?" मी निरुत्तर झालो.

2024–25 च्या हंगामात हा क्लब वीस संघांत पंधरावा आला. तेव्हापासून नातवाच्या बोलण्यात खेळाडूंपेक्षा मालकांचीच नावे अधिक येऊ लागली. त्याच्याकडून जे कळले ते असे. 2005 साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने हा क्लब विकत घेतला तो बऱ्याच अंशी कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा बोजा ठेवला खुद्द क्लबाच्याच माथ्यावर. म्हणजे घोडा विकत घ्यावयाचा आणि त्याची किंमत घोड्यानेच फेडावयाची! 2024 साली जिम रॅटक्लिफ ह्या इंग्रज उद्योगपतीने सुमारे चतुर्थांश भाग घेऊन खेळाचा कारभार हाती घेतला. त्याच वर्षी, हंगाम अर्ध्यावर आला असता, उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड करण्यात आला; मुलांना सवलत नाही, वृद्धांनाही नाही. हे शेवटचे ऐकून मीही जरा ताठ बसलो.

"इतका कारभार बिघडला आहे, तर दुसरा एखादा क्लब धर," असे मी सहज म्हणून गेलो. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याला गोत्र बदलावयास सांगितले होते.

ती दृष्टी माझ्या मनात राहिली. वाण्याकडील तांदूळ खडेकरी निघाला तर आपण दुसऱ्या वाण्याकडे जातो, आणि ह्या भयानेच पहिला वाणी पुढल्या वेळी तांदूळ निवडून देतो. परंतु क्लबाच्या पाठीराख्यास दुसरे दुकानच नाही. तो रागावला तरी येतो, आणि न आला तर उपाशी मरतो तो त्याचाच संघ. मालकास हे पुरते ठाऊक असते. कायद्याच्या दृष्टीने हा मनुष्य केवळ गिऱ्हाईक. त्याच्या स्वतःच्या समजुतीने मात्र तो घरचा आहे. ह्या दोन समजुतींच्या मधल्या फटीत त्याची सगळी तडफड आहे.

आपल्या धर्मशास्त्रात ह्या फटीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचा सिद्धान्त असा, की वडिलोपार्जित मिळकतीवर पुत्राचे स्वत्व जन्मतःच उत्पन्न होते. त्यासाठी बापाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. (2005 च्या दुरुस्तीने हा अधिकार कन्यांसही मिळाला, हे आमच्या सूनबाई मला अधूनमधून ऐकवीत असतात.) कर्ता कारभार पाहतो खरा, पण कुटुंबावरील संकट, कुटुंबाची गरज किंवा आवश्यक धर्मकृत्य ह्यांवाचून ती मिळकत विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार त्यास नाही. तो स्वामी नव्हे, कारभारी होय. इंग्लंडात जो मुलगा बापाचे बोट धरून मैदानावर गेला आणि पुढे आपल्या मुलास घेऊन तेथेच उभा राहिला, त्याची भावना मिताक्षरेची आहे. कागद मात्र कंपनीच्या कायद्याचा आहे.

2005 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या काही पाठीराख्यांनी कंटाळून सरळ वाटणी मागितली, असेच म्हणावयाचे. त्यांनी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. त्यात प्रत्येक सभासदास एकच मत. मैदान नव्हते, म्हणून त्यांनी जवळच्या बेरी गावच्या क्लबाचे 'गिग लेन' हे मैदान भाड्याने घेतले. घर सोडून आलेल्या ह्या लोकांना ज्या बेरीने आसरा दिला, त्या बेरीवर पुढे जो प्रसंग ओढवला, तो ऐकल्यापासून मला नातवाच्या रागाची थट्टा करवत नाही.

बेरी हे मँचेस्टरच्या उत्तरेस काही मैलांवरचे, कापडगिरण्यांचे जुने गाव. धावत्या धोट्याचा शोध लावणारा जॉन के ह्याच परिसरातला. तेथील क्लब 1885 मध्ये स्थापन झाला आणि 1894 मध्ये लीगमध्ये आला. 1900 व 1903 अशी दोन वेळा त्याने एफ. ए. कपाची ढाल जिंकली. दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात डर्बीवर सहा गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. पुढे शंभर वर्षांत तसे वैभव पुन्हा आले नाही, पण घर चालू होते.

मग कर्जाचा कारभार सुरू झाला. मैदान गहाण पडले. मैदानाजवळच्या मोटारी उभ्या करावयाच्या जागासुद्धा एकेक करून गुंतवणूकदारांस देऊन पैसे उभारण्यात आले. डिसेंबर 2018 मध्ये हा क्लब, त्याच्या देण्यांसह, अवघ्या एका पौंडास नव्या मालकाच्या हाती गेला. ह्या गृहस्थाने पुढे रेडिओवर स्वतःच सांगितले, की बेरीस फुटबॉलचा क्लब आहे हेही आपल्याला ठाऊक नव्हते आणि तेथून निघून जाणे आपल्याला मुळीच जड नाही. 2019 च्या वसंतात संघ दुसरा येऊन वरच्या वर्गात चढला. खेळाडूंचे पगार थकलेले असताना चढला, हे विशेष. पैसा कोठून येणार ह्याचा पुरावा लीगने वारंवार मागितला. समाधानकारक असा एकही पुढे आला नाही. नव्या हंगामातील सामने एकामागून एक रहित होऊ लागले. एका माजी संचालिकेने, जिच्या वडिलांच्या नावाने त्या मैदानातील एक प्रेक्षकसज्जा आहे, तेथील पन्हाळीच्या नळास स्वतःला बेड्यांनी जखडून घेतले.

27 ऑगस्ट 2019 रोजी शेवटची मुदत होती. एक नवा खरीददार बोलणी करीत होता आणि शनिवारी सामना होईल अशी आशा उत्पन्न झाली होती. तेव्हा मैदान झाडून काढावयास या, अशी हाक गेली. शेकडो माणसे आली. झाडू, बादल्या, फडकी घेऊन आली. बाके पुसली, गवत उपटले. लग्नघरी आदल्या दिवशी जी लगबग असते तीच समजावी. त्याच दिवशी खरीददाराने अंग काढून घेतले, आणि रात्री लीगने बेरीस काढून टाकल्याचे जाहीर झाले. सव्वाशे वर्षांचे नाते एका पत्रकाने सरले.

नंतर काय झाले? घर गेल्यावर जे होते तेच : भाऊबंदकी. काही पाठीराख्यांनी नवा क्लब काढून अगदी खालच्या वर्गातून आरंभ केला. काहींनी जुने नाव व जुने मैदान सोडावयाचे नाही असा हट्ट धरला. 2022 मध्ये लोकवर्गणी, देणगी व सरकारी साह्य ह्यांतून गिग लेन पाठीराख्यांच्या हाती आले. तरी दोन्ही तटांच्या एकीकरणास हवे तितके मताधिक्य पहिल्या खेपेस मिळाले नाही. 2023 च्या मे महिन्यात ते मिळाले आणि त्या हंगामात बेरी आपल्या अंगणात पुन्हा खेळू लागला. इंग्लंडच्या पार्लमेंटने 2025 मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, मालकांची पारख व मैदानांच्या विक्रीवर नजर त्याच्याकडे सोपविली. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचे आधिक्य सभासदांकडेच ठेवण्याचा नियम 1998 पासून आहे, हे नातवाने मला दोनदा ऐकविले.

परंतु पाठीराखे अगदीच निर्दोष, असे मला म्हणवत नाही. उधारीच्या पैशाने मोठा खेळाडू आणणाऱ्या मालकास खांद्यावर घेणारे हेच लोक. जमाखर्च मागण्याची आठवण त्यांना संघ हरू लागल्यावर होते.

हे मी नातवास ऐकविले, आणि तेथे माझी चूक झाली. आमच्या एका वाचनालयाचा मी तीस वर्षे सभासद आहे. दरवर्षी वार्षिक सभेत हिशेब दहा मिनिटांत वाचून होतो, चिवडा व चहा होतो, आणि आम्ही 'मंजूर' म्हणून घरी येतो. दोन वर्षांपूर्वी समजले, की वाचनकक्षाचा अर्धा भाग एका दुकानास दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिला असून संस्कृत ग्रंथांची कपाटे रिकामी करून पुस्तके गोणींत भरली आहेत. त्या गोणी मी डोळ्यांनी पाहिल्या. तेव्हापासून मी जेवताना रोज संतापतो, हे घरातील सर्वांस पाठ झाले आहे.

"आजोबा, तुम्ही कार्यवाहांना पत्र लिहिलेत का?"

लिहिले नव्हते. कार्यवाह आपल्यातलेच, माझे जुने विद्यार्थी, वाईट दिसेल, असे काहीसे मी पुटपुटलो. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

परवा वार्षिक सभेची नोटीस आली. मी ती चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली आहे आणि विचारावयाच्या चार गोष्टी मागल्या बाजूस टिपल्या आहेत. नातू म्हणाला, मीही येतो. मी म्हटले, "तू सभासद नाहीस, तुला आत घेणार नाहीत."

"मिताक्षरा काय सांगते, आजोबा?" त्याने विचारले आणि तो दूरचित्रवाणी लावावयास निघून गेला, सामना सुरू होण्याची वेळ झाली होती.