ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याला 'शेरा' मिळतो, पण उपयोगी अभिप्राय का मिळत नाही?

ग्रंथालयाच्या गूगल पेजवर एक स्टार आणि खाली दोनच शब्द: 'स्टाफ उद्धट'. असं काहीतरी तुम्हीही कधी लिहिलं असेल. आता समजा, त्या काउंटरवर तुम्ही स्वतः बसला आहात. हे दोन शब्द वाचून उद्यापासून नेमकं काय बदलाल?

सांगता येत नाही ना? ग्रंथालयात काम करणाऱ्यांची अडचण हीच आहे. त्यांच्या कामावर शेरे मारले जातात, पण काम सुधारेल असं कुणी फारसं सांगत नाही.

काम मोजतात कसं?

कॉलेज आणि विद्यापीठांतल्या ग्रंथपालांच्या बढतीसाठी यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. त्यात ग्रंथालयातली उपस्थिती ९० टक्के किंवा जास्त असेल तर 'चांगलं', ८० ते ९० टक्क्यांच्या मध्ये असेल तर 'समाधानकारक' असं ठरतं. आणखी एक निकष गहाळ पुस्तकांचा आहे. पुस्तकांची मोजणी केली आणि गहाळ पुस्तकं ०.५ टक्क्यांपेक्षा कमी निघाली, तर 'चांगलं'.

म्हणजे ५० हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात २५० च्या आत. आता पुस्तक हरवू नये, याचा सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता? ते कपाटात बंद ठेवणं! पण डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलंच सूत्र सांगतं की, ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात.

हा काही एकमेव निकष नाही. कार्यशाळा घेणं, संगणकीकरण यांचाही विचार होतो. पण एखाद्या बुजऱ्या विद्यार्थ्याला हवं ते पुस्तक शोधून दिलं, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते कुणीतरी पाहून, बोलूनच सांगावं लागतं.

शेरा लपवून ठेवला तर?

याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात दिलं. सीमा रस्ते विभागातल्या या अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी मात्र 'अतिशय चांगला' लागत होता, आणि हा शेरा त्यांना कळवलाच गेला नव्हता. गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येईल, असं कोर्टाने स्पष्ट केलं. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुखदेव सिंग प्रकरणात हीच भूमिका कायम केली.

हे निकाल सरकारी नोकरांबद्दलचे आहेत. महाराष्ट्रातली गावोगावची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं मात्र संस्था चालवतात. १९६७ च्या कायद्यानुसार त्यांना मान्यता आणि अनुदान मिळतं, पण तिथले कर्मचारी सरकारी नोकर नाहीत. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झालं. ते सगळं पगारावर खर्च केलं, तरी महिन्याला चारच हजार होतात. अशा पगारावर काम करणाऱ्या माणसाला कार्यकारी मंडळाने चारचौघांत झापलं, तर तो दाद कुठे मागणार?

मग बोलायचं कसं?

ही दोन वाक्यं बघा.

एक: "तुम्ही वाचकांशी नीट वागत नाही."

दोन: "ताई, काल संध्याकाळी त्या मुलीने स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मागितलं, तेव्हा तुम्ही वर न बघताच 'नाही' म्हणालात. ते बाइंडिंगला गेलंय, सोमवारी येईल, एवढं सांगितलं असतं तर ती परत आली असती. तेव्हा काय झालं होतं?"

पहिलं वाक्य स्वभावावर बोट ठेवतं. दुसऱ्यात प्रसंग आहे, त्याचा परिणाम आहे आणि काय करता आलं असतं तेही आहे. शिवाय ते दुसऱ्याच दिवशी, बाजूला बोलावून सांगितलं आहे. सगळ्यात महत्त्वाचा आहे शेवटचा प्रश्न. कदाचित ताई सांगतील, "देवघेव, फोन आणि नवीन सभासदांचे अर्ज, सगळं मी एकटी बघत होते." मग बदल ताईंनी करायचा की कामाच्या वाटपात करायचा, हे दोघांनाही कळतं.

आणि ऐकणाऱ्याने काय करायचं?

- लगेच सफाई देऊ नका. आधी "हे नेमकं कधी झालं?" असं विचारा.
- खरं असेल तेवढं मान्य करा आणि कधीपर्यंत बदलाल ते सांगा.
- अन्याय वाटला तर तारखेसह आपली बाजू लेखी द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.
- वरिष्ठांनाही विचारा: "माझं काम सोपं व्हावं म्हणून तुम्ही काय बदलाल?" कारण अभिप्राय वरून खाली जातो, तसा खालून वरही जायला हवा.

आता पुन्हा त्या एका स्टारकडे येऊ. 'स्टाफ उद्धट' ऐवजी असं लिहून बघा: 'शनिवारी संध्याकाळी काउंटरवर एकच व्यक्ती होती. पुस्तक बदलायला अर्धा तास लागला आणि उशीर का होतोय ते कुणी सांगितलं नाही.' तक्रार तीच आहे. पण सोमवारी ग्रंथपालांना ती घेऊन मंडळासमोर जाता येईल आणि शनिवारी आणखी एक माणूस मागता येईल.