विश्लेषण : नव्या बाथरूमच्या टाइल्स पोकळ निघाल्या… पैसे कुणाचे अडवायचे, दाद कुठे मागायची?

बाथरूमच्या टाइल्स बदलून जेमतेम महिना झालेला असतो. एका सकाळी खालच्या मजल्यावरचे शेजारी येतात आणि आपल्या छतावर पसरलेला ओला डाग मोबाइलवर दाखवतात. ठेकेदाराला फोन केला की उत्तर ठरलेले : ‘वरून ग्राउट भरून देतो, चिंता करू नका.’ मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत हा प्रसंग नवा नाही. दोष कामाचा असतो, हे खरेच. पण तो वेळेत सापडत नाही, याला तोंडी ठरलेले काम आणि तपासणीआधीच चुकते केलेले पैसे कारणीभूत असतात.

खराब काम कसे ओळखावे?

टाइल्स पूर्ण घट्ट बसल्यावर नाण्याने हलके ठोकावे. भरीव आवाज आला तर टाइल खालून धरलेली आहे. डबडब वाजली तर खाली पोकळी आहे. मग जमिनीवर बादलीभर पाणी ओतावे. ते आपोआप नहाणी ट्रॅपकडे जायला हवे. दरवाजाजवळ किंवा कोपऱ्यात थबकले तर ढाळ चुकला. मीटरमागे साधारण १० ते १५ मिलिमीटर ढाळ असावा. दोन टाइल्सच्या सांध्यावरून बोट फिरवताना कड लागली, तर पातळी जुळलेली नाही.

चूक नेमकी कुठे होते?

भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स पाणी शोषतात. म्हणून त्या भिजवून सिमेंटवर बसवल्या की धरतात. व्हिट्रिफाइड टाइल्स मात्र अर्धा टक्काही पाणी शोषत नाहीत. त्यामुळे त्यांना सिमेंट नीट चिकटत नाही, टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागते. त्यासाठी ‘आयएस १५४७७’ हे भारतीय मानक आहे.

पण अ‍ॅडहेसिव्हही चार कोपऱ्यांत आणि मधोमध गोळे ठेवून लावले, तर मधल्या पोकळीत पाणी साचते. ते दातेरी थापीने सगळीकडे पसरावे लागते. यात माल आणि वेळ दोन्ही जास्त जातात. चौरस फुटाच्या दरात घासाघीस करून काम दिले, की पहिली काटकसर इथेच होते. त्यामुळे स्वस्तात काम उरकायला लावणारे घरमालकही यात पूर्ण निर्दोष नसतात.

वरून ग्राउट भरून भागते का?

बहुतेक वेळा नाही. ग्राउट सांधे बुजवते, ते वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी अडवण्याचे काम टाइलखालच्या थराचे असते. भिंतीवरची एखादी टाइल सुटी काढून पुन्हा बसवता येते. पण जमिनीचा ढाळ चुकला असेल, तर टाइल्स फोडाव्याच लागतात. फोडताना खालचा थर दुखावतो, म्हणजे वॉटरप्रूफिंगही नव्याने करणे आले.

म्हणूनच खरी तपासणी टाइल्स बसवण्याआधी व्हायला हवी. वॉटरप्रूफिंग सुकल्यावर ट्रॅप बंद करून इंच-दोन इंच पाणी किमान २४ तास साठवावे आणि खालच्या फ्लॅटचे छत पाहावे. टाइल्स बसल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले तर तेही सहकार्य करतात. नाहीतर डाग पडल्यावर वाद होतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक यांमुळे होणारी अंतर्गत गळती दुरुस्त करण्याचा खर्च त्या सदस्याचाच असतो.

पैसे कुणाचे अडवायचे?

ठेकेदाराचे. मिस्त्री अनेकदा त्याच्याकडे रोजावर असतो. त्याची मजुरी अडवून ढाळ सुधारत नाही.

हप्ते दिवसांवर नव्हे, टप्प्यांवर ठरवावेत : तोडफोड, वॉटरप्रूफिंगची चाचणी, टाइल्स आणि शेवटची चाचणी. किमान १० टक्के रक्कम शेवटच्या चाचणीनंतरच द्यावी. दीड लाखाच्या कामात हे १५ हजार होतात. टाइलचा प्रकार, अ‍ॅडहेसिव्ह, वॉटरप्रूफिंग आणि हप्ते एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. चांगल्या ठेकेदारालाही हा कागद सोयीचा असतो, कारण नंतर वाढवलेल्या कामाचे पैसे तो हक्काने मागू शकतो.

ठेकेदार ऐकत नसेल तर?

रागाच्या भरात लगेच टाइल्स फोडू नका, पुरावाच नाहीसा होतो. आधी फोटो आणि व्हिडीओ काढा. दोषांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने पाठवा आणि दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्या. दुसऱ्या ठेकेदाराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या, तोच पुढे भरपाईचा आधार ठरतो. बिले आणि यूपीआयच्या नोंदी जपा.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे तडजोड झाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. पैसे घेऊन केलेल्या कामातील त्रुटी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. कामासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही आणि राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.

फ्लॅटच नवा असेल तर?

मूळ काम बिल्डरचे असेल, तर रेरा कायद्याचे कलम १४ उपयोगी पडते. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मात्र त्याआधी स्वखर्चाने बाथरूम फोडली, तर ‘दोष तुमच्याच कामामुळे झाला’ असे म्हणायला बिल्डरला वाव मिळतो. त्यामुळे नव्या घरात आधी लेखी तक्रार, मग हातोडा.

मग शहाणपण कशात?

कायदा मदतीला येतो, पण सावकाश. तोवर गळती थांबत नाही आणि शेजाऱ्यांशी बोलणे मात्र थांबते. टाइलचा रंग निवडायला आपण चार दुकाने फिरतो. त्याच उत्साहाने एक दिवस पाणी साठवून पाहिले आणि शेवटचा हप्ता तोपर्यंत हातात ठेवला, तर बहुतेक भांडणे सुरूच होणार नाहीत.